एअरब्रशने मिनिएचर रंगवणं: खरी कसोटी रंग अडवण्याचीच! काय असतं हे मास्किंग?

बोटाच्या दोन पेरांएवढा एक प्लास्टिकचा सैनिक. चिमट्याने चिकटपट्टीचं टोक पकडलं जातं, पट्टी हळूच सोलली जाते आणि खालून लाल-पिवळ्या रंगांमधली अगदी सरळ रेघ बाहेर येते. असे व्हिडिओ तुमच्याही फीडमध्ये कधीतरी आले असतील. पाहताना भारी वाटतं आणि सोपंही वाटतं.

व्हिडिओत न दिसणारा भाग मात्र मोठा आहे. पट्टी सोलायला पाच सेकंद लागतात, ती नीट लावायला अर्धा तास. आणि कधी कधी पट्टीबरोबर खालचा रंगही सोलून येतो. मग आदल्या दिवशीची सगळी मेहनत वाया.

एअरब्रश म्हणजे काय, रंग अडवायला मास्किंग का लागतं, त्यात काय चुकतं आणि हे प्रयोग करताना आपल्या फुप्फुसांची काळजी कशी घ्यायची, हे समजून घेऊया.

आधी, वॉरगेमिंग म्हणजे काय?

टेबलावर छोट्या सैनिकांच्या, रणगाड्यांच्या किंवा राक्षसांच्या प्रतिकृती मांडून, फासे टाकून आणि मोजपट्टीने अंतर मोजून खेळली जाणारी लढाई म्हणजे टेबलटॉप वॉरगेमिंग. 'द टाइम मशीन'चे लेखक एच. जी. वेल्स यांनी १९१३ मध्ये 'लिटल वॉर्स' या पुस्तकात खेळण्यातल्या सैनिकांनी लढाई खेळायचे नियम दिले होते.

आज या क्षेत्रातलं सगळ्यात ओळखीचं नाव म्हणजे वॉरहॅमर. १९७५ मध्ये सुरू झालेल्या 'गेम्स वर्कशॉप' या ब्रिटिश कंपनीने १९८३ मध्ये वॉरहॅमर आणि १९८७ मध्ये भविष्यातल्या युद्धांवरचा 'वॉरहॅमर ४०,०००' हा खेळ आणला. नॉटिंगहॅममध्ये मुख्यालय असलेली ही कंपनी डिसेंबर २०२४ मध्ये लंडन शेअर बाजाराच्या एफटीएसई १०० निर्देशांकात पोहोचली.

या खेळातल्या बहुतेक मिनिएचर सुट्या भागांमध्ये आणि बिनरंगी मिळतात. ते भाग कापायचे, जोडायचे आणि रंगवायचे, हे खेळाडूचं काम. माणसाच्या आकाराची मिनिएचर साधारण २८ ते ३२ मिलिमीटर मापाची असते. एका सैन्यात अशा पन्नास-साठ मिनिएचर सहज असतात. बारीक ब्रशने एकेकीवर तीन-चार तास घालवले, तर हिशेब महिन्यांत जातो. म्हणून अनेक जण एअरब्रशकडे वळतात.

एअरब्रश काम कसा करतो?

घरात डास मारायला वापरायचा जुना फ्लिटचा पंप आठवतो? दट्ट्या ढकलला की नळीच्या तोंडावरून हवा जोरात जायची आणि डब्यातलं औषध वर ओढलं जाऊन त्याचे तुषार उडायचे. एअरब्रशचं तत्त्व तेच आहे. फरक इतकाच, की इथे तुषार खूप बारीक असतात आणि त्यांच्यावर बोटाचा ताबा असतो.

पेनाच्या आकाराच्या या उपकरणात वर रंगाची छोटी वाटी असते, आत एक लांब सुई आणि टोकाला नोझल. मिनिएचरसाठी साधारण ०.२ ते ०.५ मिलिमीटरचं नोझल वापरतात. 'डबल अ‍ॅक्शन' प्रकारात बटण खाली दाबलं की हवा सुटते आणि तेच बटण मागे ओढलं की सुई मागे सरकून रंग येतो. जितकं मागे ओढाल, तितका रंग जास्त.

हवा पुरवायला कॉम्प्रेसर लागतो. मिनिएचरच्या कामाला बहुधा १५ ते २० पीएसआय दाब पुरतो. तुलनेसाठी, मोटारीच्या टायरमध्ये साधारण ३० ते ३५ पीएसआय हवा असते. रंगही पातळ करावा लागतो. वाटीच्या कडेवरून तो दुधासारखा ओघळला पाहिजे. जाड राहिला तर नोझल तुंबतं. फार पातळ झाला तर हवेच्या झोताने पृष्ठभागावर कोळ्याच्या पायांसारखे ओघळ पसरतात.

हे तंत्र वॉरगेमिंगपेक्षा कितीतरी जुनं आहे. अमेरिकेत १८७० च्या दशकात अ‍ॅबनर पीलर यांनी एअरब्रशचं सुरुवातीचं रूप तयार केलं. पुढे फोटोंवर रंगकाम करण्यासाठी, जाहिरातींच्या चित्रांसाठी आणि मोटारींवरच्या नक्षीसाठी ते वापरलं गेलं. ब्रशचे फराटे न दिसता एका रंगातून दुसऱ्या रंगात अलगद जाणं, ही त्याची खरी ताकद.

मग अडचण कुठे येते?

ब्रश जिथे टेकतो तिथेच रंग लागतो. एअरब्रशच्या झोताला अशी हद्द नसते. खांद्याला निळा रंग देताना त्याचे तुषार चेहऱ्यावर, तलवारीवर आणि पायांवरही बसतात. याला ओव्हरस्प्रे म्हणतात.

म्हणजे रंग लावणं झटपट होतं, पण तो कुठे लागू नये हे आधीच ठरवावं लागतं आणि तेवढा भाग झाकावा लागतो. हे झाकणं म्हणजेच मास्किंग. आपल्याकडे छापाची रांगोळी काढताना हेच होतं. छापाचा पत्रा जिथे बंद आहे तिथे रांगोळी पडत नाही, म्हणून नक्षी उमटते. बाटिकमध्ये कापडावर मेण लावतात तेही रंग अडवायलाच.

मास्किंग टेपचा जन्मही अशाच अडचणीतून झाला. १९२० च्या दशकात अमेरिकेत दोन रंगांच्या मोटारींची फॅशन आली. एक रंग देताना दुसरा झाकायला रंगारी कागद आणि गोंदाच्या पट्ट्या वापरत. त्या काढताना ताजा रंगही उखडून यायचा. ३एम कंपनीत काम करणारे रिचर्ड ड्रू सँडपेपरच्या चाचणीसाठी मोटारींच्या गॅरेजमध्ये गेले असताना त्यांनी रंगाऱ्यांचा हा वैताग पाहिला. १९२५ मध्ये त्यांनी असा टेप तयार केला, जो चिकटेल पण काढताना रंग ओढणार नाही. शंभर वर्षांनंतर मिनिएचर रंगवणारे त्याच प्रश्नाशी झगडतात, फक्त मोटारीऐवजी अंगठ्याएवढ्या सैनिकावर.

काठ कसा हवा, त्यावर साधन ठरतं

मास्किंगची साधनं बरीच आहेत. निवडताना एकच प्रश्न विचारायचा: दोन रंगांमधला काठ कसा हवा आहे?

*धारदार काठ हवा असेल तर टेप.* वॉरहॅमरमधल्या 'हाउलिंग ग्रिफन्स' या तुकडीचं चिलखत लाल आणि पिवळ्या चौकटींत विभागलेलं असतं. अशा ठिकाणी टेपला पर्याय नाही. घराच्या भिंती रंगवताना लावतात तो टेप इथे जाड पडतो. जपानच्या तामिया कंपनीचा पातळ, पिवळसर टेप मॉडेल बनवणाऱ्यांमध्ये जगभर वापरला जातो. वळणदार भागासाठी ताणता येणारे विनाइलचे बारीक टेप मिळतात.

*टेप बसणार नाही अशा जागेसाठी द्रव मास्क.* हा बहुधा लॅटेक्सचा असतो. ओला असताना लावायचा, वाळला की रबरासारखी त्वचा तयार होते आणि काम झाल्यावर ती सोलून काढायची. डोळ्याची काच, पट्ट्यावरचं बक्कल, तलवारीवरचा खडा अशा जागी तो उपयोगी पडतो. तो चांगल्या ब्रशने मात्र लावू नका. केस कायमचे चिकटतात. टूथपिक बरी. ज्यांना लॅटेक्सची अ‍ॅलर्जी आहे, त्यांनी तो टाळावा.

*मऊ काठ हवा असेल तर पुट्टी.* भिंतीवर पोस्टर चिकटवायचा ब्लू टॅक किंवा खेळण्यातली सिली पुट्टी इथे कामी येते. सिली पुट्टी गंमतीशीर असते. ती ठेवून दिली की स्वतःच हळूहळू पसरते आणि खाचांमध्ये शिरते. ब्लू टॅकची बारीक वळी करून रणगाड्यावर ठेवली, की तिचा गोल काठ पृष्ठभागापासून किंचित वर राहतो. त्या फटीत थोडेसे तुषार शिरतात आणि रंगाची कड धूसर होते.

दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन रणगाड्यांच्या प्रतिकृतींसाठी ही धूसर कड महत्त्वाची आहे. फेब्रुवारी १९४३ पासून जर्मन वाहनं गडद पिवळ्या रंगात कारखान्यातून बाहेर पडू लागली. वरचे हिरवे आणि तांबूस तपकिरी पट्टे सैनिक स्वतः देत. त्यासाठी रंगाचा लगदा पाण्यात किंवा पेट्रोलमध्ये पातळ करून बऱ्याचदा स्प्रे गनने मारला जाई. खरा रणगाडाच स्प्रेने रंगवलेला असेल, तर प्रतिकृतीवर टेपची धारदार रेघ खोटी दिसते.

*नक्षी हवी असेल तर जाळी.* तयार स्टेन्सिल विकत मिळतात, पण घरातही भरपूर माल असतो. लसणाची जाळीदार पिशवी ताणून धरली आणि वरून रंग मारला, की माशाच्या खवल्यांसारखी नक्षी उमटते. वाळलेल्या घोसाळ्याची अंग घासायची जाळी पातळ कापून ड्रॅगनच्या पंखावर धरली, तर सापाच्या कातडीसारखे वेडेवाकडे आकार येतात.

प्रत्यक्षात कसं करतात? पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचं उदाहरण

रस्त्यावरच्या बॅरिकेडवर असतात तसे तिरके पिवळे-काळे पट्टे वॉरहॅमरमधल्या 'आयर्न वॉरियर्स' या सैन्याची ओळख आहेत. टेपने मास्किंग शिकायला हा चांगला धडा आहे.

१. मिनिएचर साबणाच्या कोमट पाण्याने धुऊन वाळवा. साच्यातून काढताना राहिलेला तेलकटपणा गेला नाही, तर पुढचा कुठलाच थर नीट धरत नाही. मग प्रायमरचा हात द्या.

२. आधी फिकट रंग, म्हणजे पिवळा. काळ्यावर पिवळा सहज चढत नाही, पिवळ्यावर काळा लगेच चढतो. पिवळ्याचे दोन-तीन पातळ हात द्या.

३. वर चकचकीत वॉर्निशचा पातळ हात देऊन निदान रात्रभर वाळू द्या. पृष्ठभाग जितका गुळगुळीत, तितका टेप घट्ट बसतो.

४. टेप काचेवर चिकटवून नव्या ब्लेडने दोन मिलिमीटरच्या पट्ट्या कापा. मूळ कड धूळ बसून खराब झालेली असते, ती वापरू नका.

५. सगळ्या पट्ट्या तिरक्या, एकमेकींना खेटून लावा आणि मग एक सोडून एक काढून टाका. मधल्या जागा आपोआप सारख्या होतात, मोजायची गरज राहत नाही.

६. बाकीची मिनिएचर कागद, टेप किंवा पुट्टीने झाका.

७. काळा मारण्याआधी पुन्हा एकदा पिवळ्याचा विरळ हात द्या. याचं कारण पुढे येतंय.

८. आता काळा, पातळ थरांमध्ये. झोत पट्टीच्या वरून सरळ खाली मारा. पट्टीच्या कडेखाली घुसेल अशा तिरक्या कोनातून नको.

९. काळा हाताला वाळला की पट्टी मागे दुमडून, पृष्ठभागाला जवळजवळ समांतर ठेवत सावकाश ओढा. सरळ वर ओढली की रंग उखडण्याची भीती वाढते.

टेपखाली रंग का जातो?

टेप आणि पृष्ठभाग यांच्यामध्ये कुठेतरी केसाएवढी फट राहतेच. द्रव रंग त्या फटीत आपोआप ओढला जातो. शाळेत शिकलेलं केशाकर्षण ते हेच. रंग जितका पातळ आणि थर जितका ओला, तितका तो जास्त आत जातो.

वरच्या सातव्या पायरीचं रहस्य इथे आहे. आधी पिवळाच मारला तर फटीत पिवळाच जातो आणि फट बंद होते. खालीही पिवळा असल्याने तो दिसत नाही. मग काळ्याला आत जायला वाटच उरत नाही. पिवळ्याच्या जागी पारदर्शक वॉर्निशही चालतं.

आणि टेपबरोबर रंग का निघतो?

टेपचा गोंद रंगाला धरतो, रंग प्रायमरला आणि प्रायमर प्लास्टिकला. ओढताना या साखळीतली सगळ्यात कच्ची कडी तुटते. प्रायमर नीट बसला नसेल किंवा रंग आतून ओला असेल, तर ती कडी टेपची नसून तुमच्या रंगाची असते.

अ‍ॅक्रिलिक रंग काही मिनिटांत हाताला कोरडा लागतो, पण पूर्ण घट्ट व्हायला एक दिवस किंवा त्याहून जास्त वेळ घेतो. बहुतेकांचा घात होतो तो इथेच. दुसरा उपाय म्हणजे टेप आधी दोन-तीन वेळा तळहाताच्या मागच्या बाजूला चिकटवून काढायचा. त्याचा जोर कमी होतो. उलट, टेप दिवसेंदिवस तसाच ठेवला तर गोंद अधिक घट्ट धरतो. म्हणून काम झालं की तो लगेच काढावा.

मास्किंग टाळता येतं का?

अनेकदा येतं. पहिला मार्ग म्हणजे मिनिएचर पूर्ण जोडायचीच नाही. डोकं, हात, शस्त्र वेगळे ठेवून रंगवायचे आणि शेवटी चिकटवायचे. पण जोडाची जागा तेवढी झाकून ठेवा. रंगावर गोंद धरला, तरी तो जोड कच्चा राहतो.

दुसरा मार्ग क्रमाचा. आधी एअरब्रशची सगळी कामं, मग ब्रशची. आधी पूर्ण मिनिएचर काळी करायची आणि मग फक्त वरून पांढरा मारायचा, ही 'झेनिथल' पद्धत याच कारणासाठी लोकप्रिय आहे. डोक्यावर सूर्य असल्यासारखा उजेड-सावलीचा आराखडा काही मिनिटांत तयार होतो. त्यावर पातळ, पारदर्शक रंग ब्रशने दिले की सावल्या खालून दिसत राहतात. झाकायला काहीच लागत नाही.

एअरब्रश आला म्हणून ब्रश सुटत नाही. पेणच्या गणपती कारखान्यांत मूर्तीच्या अंगाचा रंग स्प्रेने दिला जातो, पण डोळ्यांची आखणी कसलेला कारागीर ब्रशनेच करतो. मिनिएचरचंही तसंच आहे. मोठा भाग यंत्राचा, नजर हाताची.

फुप्फुसांची काळजी का घ्यायची?

घाईत सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते या मुद्द्याकडे. रंगाच्या बाटलीवर 'बिनविषारी' लिहिलेलं असतं, पण ते बहुधा ब्रशने रंगवण्याच्या दृष्टीने. एअरब्रश त्याच रंगाचे इतके सूक्ष्म कण करतो की ते श्वासावाटे खोल जाऊ शकतात. रंगद्रव्य आणि अ‍ॅक्रिलिकचं प्लास्टिक फुप्फुसात जावं, अशी कुणाचीच इच्छा नसेल.

- पाण्यात विरघळणाऱ्या अ‍ॅक्रिलिकसाठी चेहऱ्याला नीट घट्ट बसणारा एन९५ मास्क कण अडवतो. कापडी किंवा सर्जिकल मास्क इथे पुरेसा नाही.
- लॅकर, एनॅमल किंवा थिनर वापरणार असाल तर एन९५ चालणार नाही, कारण तो वाफा अडवत नाही. त्यासाठी सेंद्रिय वाफांचं फिल्टर असलेला रेस्पिरेटर लागतो.
- मास्क असला तरी हवा बाहेर फेकणारा स्प्रे बूथ किंवा निदान खिडकीचा एक्झॉस्ट फॅन हवा. ज्वलनशील थिनर असेल तर साधा पंखाही ठिणगीमुळे धोक्याचा ठरू शकतो, त्यामुळे घरात ते टाळलेलंच बरं.
- कॅडमियम किंवा कोबाल्ट असलेले रंग स्प्रे करू नका. बाटलीवरची सूचना आधी वाचा.
- लहान मुलं किंवा दम्याचा त्रास असलेलं कुणी त्याच खोलीत नको. एअरब्रश साफ करतानाही तुषार उडतात, मास्क तेव्हाही ठेवा.

पावसाळ्यात वेगळी काळजी लागते का?

मुंबई-कोकणात हा हौशी उद्योग करणाऱ्यांना लागते. कॉम्प्रेसर हवा दाबतो, ती हवा थंड होते आणि तिच्यातल्या बाष्पाचं पाणी होतं. दमट हवेत ते जास्त साचतं आणि रंगकामाच्या ऐन मध्यावर नोझलमधून थेंब उडतो. नळीवर पाणी अडवणारा मॉइश्चर ट्रॅप लावणं आणि टाकीचं पाणी नियमित काढून टाकणं, हा त्यावरचा उपाय. रंगही सावकाश वाळतो, म्हणून टेप लावण्याआधी नेहमीपेक्षा जास्त थांबा.

सुरुवात कुठून करावी?

महागड्या मिनिएचरवर पहिला प्रयोग कधीच नको. परदेशातले शिकाऊ प्लास्टिकच्या चमच्यांवर सराव करतात, कारण चमच्याचा बाक चिलखताच्या खांद्यासारखा असतो. भारतात एकदाच वापरायच्या प्लास्टिक चमच्यांवर १ जुलै २०२२ पासून बंदी आहे. औषधाच्या बाटल्यांची झाकणं आणि रिकाम्या डब्या तेवढ्याच उपयोगी पडतात.

एकसारखी चार झाकणं घ्या. चारींवर एकच रंग द्या. पहिल्यावर तासाभराने टेप लावा, दुसऱ्यावर दुसऱ्या दिवशी. तिसऱ्यावर कड खालच्याच रंगाने बंद करून वरचा रंग मारा, चौथ्यावर टेपऐवजी ब्लू टॅकची वळी ठेवा. कुठल्या झाकणावर काय केलं, ते मागे लिहून ठेवा. तुमचा रंग, तुमचा टेप आणि तुमच्या खोलीतली हवा एकमेकांशी कशी वागतात, हे या चार झाकणांवर दिसेल. त्यानंतरच सैनिकाला हात लावा.